चावी डब्याला बांधलेली

आमच्या घरात थंडीच्या दिवसांत पहिलं गरम पाणी मशीनला मिळायचं. मग मामांचा चहा, मग नवऱ्याची अंघोळ, आणि चुलीत थोडी धग उरलीच तर मी. ही तक्रार आहे असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. अकरा हिवाळे मी हे केलं, आणि आता तक्रार करण्याचाही कंटाळा आला आहे.

मामा म्हणजे माझे सासरे. मशीन म्हणजे पोकलेन, विहिरी खोदणारं. नवऱ्याने घेतलं तेव्हाच ते दोन मालकांच्या हाताखालून गेलेलं होतं. वरचा पिवळा रंग उडून आतला गंज दिसायला लागला होता. आमची वाडी नेकनूरच्या वरच्या अंगाला, माळावर. दिवाळी उरकली, ज्वारी गुडघ्याला लागली की विहिरींची कामं निघायची आणि उन्हाळा संपेपर्यंत चालायची. त्यातले पहिले तीन महिने नेमके थंडीचे.

लोकांना वाटतं, बीड जिल्ह्यात कसली आलीय थंडी. त्यांनी पौषात आमच्या माळावर येऊन पहाटे एकदा भांडी घासून बघावीत. आमच्याकडे बर्फ पडत नाही, हे मलाही माहीत आहे. पण झिजलेल्या इंजिनाला तेवढी थंडी पुरते. रात्रभर उघड्यावर उभ्या मशीनमधलं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं. बॅटरी आधीच थकलेली. नवरा सेल्फ मारायचा, मशीन दोनदा कण्हायचं आणि गप्प बसायचं. मग चार मजूर विहिरीच्या काठावर तंबाखू मळत बसून राहायचे आणि नवऱ्याचा राग दुपारी जेवणाच्या ताटावर निघायचा.

त्यावर उपाय मामांनी काढला. मामांनी उमेदीची तीस वर्षं मशीनवर काढली होती. तलावांच्या भरावावर डोझर चालवला, रस्त्यांच्या कामांवर रोलर चालवला. पुढे मोतीबिंदू काढूनही एका डोळ्याला नीट दिसेना, तेव्हा खाली उतरले. ते म्हणाले, मशीन गरम ठेवता येत नसंल तर तेल गरम ठेवा. संध्याकाळी काम थांबलं की इंजिन गार व्हायच्या आत नवऱ्याने खालचा नट ढिला करायचा आणि सगळं तेल डब्यात उतरवून घ्यायचं. डबा आपला नेहमीचाच, पंधरा किलोचा गोड्या तेलाचा, वर तारेची कडी लावलेला. तो डबा घरी आणायचा. मामा तेल जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून घेत, चुलीशेजारच्या गरम राखेत डबा बसवत आणि त्याला गोधडी गुंडाळत. घरात पाहुणा आला तर त्याला पांघरूण कमी पडेल, पण तेलाची गोधडी हलायची नाही.

पहाटे ते चारला उठायचे. चूल पेटवायचे, घंगाळात पाणी तापवायचे आणि डबा त्या पाण्यात उभा करायचे. डबा थेट जाळावर ठेवलेला त्यांना चालत नसे. तेल किती तापलं हे बघायची त्यांची रीत म्हणजे करंगळी. करंगळी तेलात बुडवली की चटका बसून ती ओढून घ्यावीशी वाटता कामा नये आणि गार लागून बाहेर काढावीशीही वाटता कामा नये, इतपत ऊन. मग मला हाक यायची, "पोरी, तेल झालं." अकरा वर्षांत त्यांनी मला दुसऱ्यांदा हाक मारल्याचं आठवत नाही. एका हाकेतच मला जाग यायची आणि तेवढ्यात माझं तोंड वाकडं व्हायचं.

दुसरीकडे काही जण सरळ मशीनखाली तुराट्या पेटवतात. मामांच्या पुढ्यात कुणी तसं बोललं तर ते उठून जायचे. तलावाच्या कामावर त्यांच्या जोडीदाराने असाच जाळ केला होता. तेलाची नळी पेटली आणि त्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. "मशीनखाली जाळ करणाऱ्याला मी ऑपरेटर म्हणत न्हाई," एवढंच ते बोलायचे.

या सगळ्यात एक मोठी भीती होती, आणि ती मामांनी पहिल्याच दिवशी ओळखली. मशीन रात्रभर शिवारात उभं, आणि त्याच्या पोटात तेलाचा थेंब नाही. अशा मशीनला कुणी चुकून सेल्फ मारला की इंजिन दोन-तीन मिनिटांत जाम. मजुराकडून होईल, कुणी दारू पिऊन आलेला करील, झोपेत असलेला नवराही करील. म्हणून त्यांनी नियम घातला, चावी डब्याच्या कडीला बांधायची. तेल घरी आलं की चावीही घरी आली पाहिजे आणि तेल मशीनमध्ये गेल्याशिवाय चावी सुटता कामा नये. सुतळीची गाठ ते स्वतः मारायचे आणि ती गाठ सोडायचा अधिकार एकट्या माझा, कारण तेल ओतणारी मी.

नवरा माझ्या आधी निघायचा. रात्रभरात विहिरीत पाझर साठलेला असायचा, तो मोटर लावून उपसल्याशिवाय काम सुरू होत नसे. मी मागून डबा डोक्यावर घेऊन जायचे. बांधावरून चालायचं, मशीनच्या पट्ट्यावर चढायचं, चाडी म्हणजे नरसाळं लावायचं, तेल ओतायचं, गाठ सोडायची आणि चावी केबिनबाहेरच्या दांडक्याला अडकवून परत फिरायचं, कारण घरी पीठ मळायचं असायचं. नवरा विहिरीतून वर यायचा, चावी लटकलेली बघायचा आणि बसायचा. तेलाची पातळी बघायची दांडी त्याने कधी बाहेर ओढून बघितली नाही. चावी दिसली म्हणजे तेल पडलं, यात त्याला कधी शंका आली नाही आणि येण्यासारखं आम्ही काही केलंही नव्हतं.

डोक्यावर पंधरा किलोचा ऊन डबा घेऊन पहाटे चालण्यात सुरुवातीला मजा होती, हे मी कबूल करते. चुंबळीतून टाळूला शेक लागायचा. सगळी वाडी गारठलेली आणि माझं डोकं तेवढं गरम. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी मान धरायला लागली. केसांना तो वास बसला तो कशाने जाईना. भावाच्या लग्नात माझी धाकटी बहीण माझ्या अंबाड्यात गजरा माळताना म्हणाली, "ताई, तू न्हालीस का ट्रॅक्टरखाली झोपलीस?" सगळ्या बायका हसल्या, मीही हसले. घरी येऊन रडले, पण ते कुणाला सांगितलं नाही.

मला फक्त झोप हवी होती. सोनंनाणं नको होतं, नवं लुगडं नको होतं, नारायणगडाच्या जत्रेलाही न्यायला नको होतं. एका थंडीच्या दिवशी उजाडेपर्यंत अंथरुणात पडून राहायचं, एवढी एकच इच्छा माझ्या मनात त्या अकरा वर्षांत टिकून राहिली.

मामांचीही एकच हौस होती. ते फार बोलणाऱ्यातले नव्हते, पण घरी कुणी पाहुणा आला आणि चहाचा कप हातात पडला की ते सांगायचेच, "तीस वर्सं मशीन चालवली, पन माझ्या हातून इंजिन कधी जाम झालं न्हाई." सोयरिकीच्या बोलण्यात सांगायचे, मयतीच्या घरी बसून सांगायचे. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. एकदा तर डॉक्टरने विचारलं, काही त्रास होतो का, तर त्यालाही त्यांनी हेच सांगितलं. त्यांच्याजवळ जमीन बेताची, शिक्षण नाही, डोळा गेलेला. हे एक वाक्य तेवढं त्यांचं स्वतःचं होतं. ते वाक्य माझ्यामुळे त्यांच्या तोंडातून कायमचं गेलं, म्हणून मी हे लिहायला बसले आहे.

अकराव्या हिवाळ्यात, संक्रांत तोंडावर आलेली असताना, मला ताप होता. दोन दिवस अंगावर काढला होता. तिसऱ्या पहाटे "पोरी, तेल झालं" अशी हाक आली तेव्हा मी उठले आणि भिंत धरून उभी राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू पड. आज मी नेतो डबा." मला हसू आलं. एका डोळ्याचा माणूस, सत्तरी ओलांडलेला, बांधावरून ऊन तेल घेऊन कुठला जातो. मी म्हटलं, मामा, तुम्ही फार तर पाण्याची कळशी घ्या, डबा माझ्याकडे राहू द्या. रेडिएटरलाही गरम पाणी लागायचं, कारण ते गळकं होतं.

तेवढ्यात दूधवाला आला. आमच्या म्हशीचं दूध घेऊन तो डेअरीला जायचा आणि त्याची वाट तेव्हा काम चालू होतं त्या विहिरीवरूनच होती. त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकलेले, मागेही एक बांधलेला. डबा ठेवायला जागा नव्हती, असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी त्याला दूध घातलं आणि माझ्या डोक्यात आलं, चावी तरी पुढे पाठवावी.

त्यामागचा माझा हिशोब सांगते, म्हणजे मी किती क्षुल्लक गोष्टीसाठी हे केलं ते कळेल. त्या मशीनची एकच चावी सगळ्याला चालायची. केबिनचं दारही तिनेच उघडायचं आणि डिझेलच्या टाकीचं झाकणही. आदल्या संध्याकाळी डिझेलचे कॅन येऊन पडले होते. मी तेल घेऊन गेले असते, मग चावी सोडली असती, मग नवऱ्याने डिझेल भरताना चाडी धरायला मला थांबवून घेतलं असतं. चावी आधी पोचली तर तो डिझेल भरून मोकळा होईल, मी तेल ओतून तशीच परत फिरेन आणि भाकरीच्या आधी पंधरा मिनिटं पडेन. पंधरा मिनिटांची झोप, बस एवढंच.

मी गाठ सोडायला लागले. चुलीपुढून मामा म्हणाले, "पोरी, चावी कावून सोडायलीस?"

"मी मागोमाग निघतेच आहे मामा," मी म्हटलं.

ते काही बोलणार होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चुलीत तुराटी पुढे सारली. मी चावी दूधवाल्याच्या हातावर ठेवली आणि बजावलं, "मालकाला सांगा, तेल मागून येतंय. त्यांच्या हातातच द्या." तो बरं म्हणाला आणि गेला.

आम्ही दोघं निघालो. मी पुढे डबा घेऊन, मामा मागे कळशी घेऊन. हरभऱ्यावर दव इतकं पडलं होतं की माझं लुगडं पोटरीपर्यंत भिजलं. उजाडायला लागलं होतं. तापामुळे मला सगळं जरा लांबून दिसत होतं. विहीर दोन शेतं पलीकडे राहिली असेल, तेव्हा सेल्फचा आवाज आला.

मला क्षणभर वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी मशीन आहे. कारण आमचं मशीन कधी एका सेल्फला उठत नसे. त्या दिवशी उठलं. आत घट्ट तेलच नव्हतं, मग अडवायला होतं काय. इंजिन अगदी हलकं, मोकळं फिरलं. नवरा मला नंतर म्हणाला की त्याला आनंद झाला होता, त्याला वाटलं आज मामांनी तेल फर्मास तापवलंय.

तेल माझ्या डोक्यावर होतं.

मी ओरडले. पळायला गेले तर डबा हिंदकळला आणि ऊन तेल कानावरून मानेवर आलं. मागे मामांच्या हातातली कळशी पडल्याचा आवाज झाला. मोबाइल घरी कोनाड्यात होता, आणि हातात असता तरी इंजिनाच्या आवाजात नवऱ्याला काय ऐकू जाणार होतं. मामा माझ्या बाजूने पुढे गेले. त्यांना पळताना मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. धोतर सावरत, बांध न बघता, ज्या बाजूला दिसत नाही तिकडे मान वळवून ते पळत होते आणि हात वर करून "बंद कर, बंद कर" म्हणत होते. मग इंजिनाचा आवाज चढला, आतून लोखंड खरवडल्यासारखा झाला आणि थांबला. शिवार एकदम शांत झालं.

झालं होतं असं. दूधवाला पोचला तेव्हा नवरा विहिरीच्या तळाशी मोटरच्या फुटव्हॉल्व्हशी झटत होता. दूधवाल्याने वरून एकदा हाक मारली, त्याला डेअरीची घाई, त्याने चावी दांडक्याला अडकवली आणि निघून गेला. ती नेमकी आमची रोजची जागा होती. नवरा वर आला, चावी बघितली. त्याला वाटलं, मी तेल ओतून घाईने परत गेले. मजुरांना हाक मारून तो बसला.

आम्ही पोचलो तेव्हा तो खाली उतरून उभा होता. त्याने माझ्या डोक्यावरचा डबा बघितला आणि त्याला सगळं समजलं. रंग उडाला त्याच्या तोंडाचा. चार मजूर बाजूला उभे.

"चावी कुनी सोडली?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत मामांचा आवाज आला. धाप लागली होती त्यांना.

"मी. मी सोडली."

नवरा बापाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमीच नियम घालायचा आन तुमीच तोडायचा? जन्मभर ऐकवलंत, माझ्या हातून इंजिन जाम झालं न्हाई. झालं का आता?"

मामा "हां" म्हणाले. कळशी आणायला मागे वळले आणि बांधावरून हळूहळू चालायला लागले. मजुरांपैकी एक जण हलक्या आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "म्हातारं गेलं बे कामातून." ते त्यांना ऐकू गेलं असणार, आमच्यात फार अंतर नव्हतं. मी डबा खाली ठेवला. डबा अजून ऊन होता.

संध्याकाळी नवरा तालुक्याला मिस्त्री शोधायला गेला तेव्हा मी मामांसमोर बसले. ते तुराट्या मोडून चुलीत घालत होते. मी विचारलं, "मामा, असं का केलंत? चावी मी सोडली."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "तुला या घरात अजून लई वर्सं काढायचीत पोरी. माझी काय ऱ्हायलीत? दोन दिस बोलतील आन इसरतील."

मला बरं वाटलं. हे लिहायलाच हवं. मला लाज वाटली, वाईटही वाटलं, पण सगळ्यात आधी सुटल्यासारखं वाटलं. उद्या सांगू असं मी ठरवलं. नवऱ्याचा राग निवला की सांगू, मशीन दुरुस्त झालं की सांगू. मशीन दुरुस्त व्हायला उन्हाळा लागला. तोवर नवरा मांजरसुंब्याच्या पुढे एका खडी क्रशरवर दुसऱ्याचं मशीन चालवायला गेला. आठवड्याने घरी यायचा आणि आला की गप्प जेवायचा. अशा माणसाला काय सांगणार, असं मी स्वतःला सांगितलं. नवऱ्याने दूधवाल्याला विचारलंही, पण दूधवाल्याने आपलं अंग काढून घेतलं. "घरून दिली ती अडकवली," एवढं बोलून तो मोकळा झाला आणि पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या वाटेने जायला लागला.

इंजिन नवं होऊन आलं. मिस्त्रीने सांगितलं, पातळ तेल वापरा, बॅटरी बदला, रोज तेल काढायची काही गरज नाही. पुढच्या हिवाळ्यात खरंच गरज पडली नाही. नवरा जायचा, दोन सेल्फ मारायचा, मशीन उठायचं. घंगाळ पुन्हा घंगाळ झालं. गोधडी मी सोड्यात भिजवून तीनदा धुतली, तरी तिचा वास गेला नाही. आणि मला झोप मिळाली. पौषात सकाळी साडेसातपर्यंत, ऊन दाराशी येईपर्यंत. मी अकरा वर्षं जिची वाट बघितली ती झोप मला मामांच्या बदनामीवर मिळाली, आणि खोटं कशाला सांगू, ती झोप चांगली लागायची.

मामा मात्र चारलाच उठायचे. चूल पेटवायचे आणि हात शेकत बसायचे. कधी मी अंथरुणातून डोळे किलकिले करून बघायचे तर ते करंगळीचं टोक अंगठ्याने चोळत असायचे.

लोक दोन दिवसांत विसरले नाहीत. आमच्याकडे कुणाला नाव पडलं की ते टिकतं. मामांना "बिनतेलाचे ऑपरेटर" म्हणायला लागले. चहाच्या टपरीवर त्यांच्या कपात दूध कमी पडलं तरी कुणीतरी म्हणायचं, "चालतंय की, त्यांचं बिनतेलाचं बी चालतंय." मामा सगळ्यांबरोबर हसायचे. पाहुण्यांना ते आता तलावाच्या भरावाच्या गोष्टी सांगायचे, डोझर चिखलात कसा रुतला ते सांगायचे. ते वाक्य मात्र त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. पहिल्यांदा ते न बोलता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, तेव्हा मी आत जाऊन भांड्यांवर राग काढला. नवऱ्याने घरात दुसरा नियम घातला, मशीनची चावी दादांच्या, म्हणजे मामांच्या, हाताला लागू द्यायची नाही. त्याने तो हसतच घातला होता, पण पाळला मात्र काटेकोर.

अशी पाच वर्षं गेली. खोटं सांभाळायला फार कष्ट पडत नाहीत, फक्त रोज थोडं थोडं दमायला होतं.

गेल्या दसऱ्याला नवऱ्याने दुसरं मशीन आणलं. नवं, काचेच्या केबिनचं. दारात उभं केलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. वाडीतले दहा-पंधरा जण जमले होते. नवा ऑपरेटर ठेवला होता, शेजारच्या गावचा, चांगला संसारी माणूस. मी चहाचं ताट घेऊन बाहेर आले. मामा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. नवरा त्या ऑपरेटरला म्हणत होता, "सगळं सांगतो तुमाला, पन एक ध्यानात ठिवा. चावी आमच्या दादांच्या हातात द्यायची न्हाई. त्यांनी एक इंजिन खाल्लंय." सगळे हसले. मामाही हसले.

माझ्या हातातलं ताट जड झालं. मी ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "ती चावी मामांनी सोडली नव्हती. मी सोडली होती. मीच दूधवाल्याला दिली."

 नवरा माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, झालं एकदाचं. मला हलकं वाटत होतं.

मग मामा बोलले. "सून लई गुनाची हाय माझी," ते म्हणाले. "पाच वर्सं झाली, तिला म्हाताऱ्याला हसलेलं बघवंना. म्हून आता सोताच्या अंगावर घ्यायली."

"मामा, खरं सांगा," मी म्हटलं.

"खरंच सांगायलो. तिला ताप व्हता तवा. तिला काय आठवतंय." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मीच सोडलती."

आणि सगळ्यांनी त्यांचं ऐकलं. म्हाताऱ्या माणसाने पाच वर्षं मान खाली घालून कबूल केलेली गोष्ट, ती खोटी कशी असेल. मी पुन्हा सांगायला गेले, तर ते आणखीच बिघडलं. एक म्हातारी पुढे आली, माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने बोटं मोडली आणि म्हणाली, अशी सून शोधून सापडायची नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नव्या ऑपरेटरने मला वाकून नमस्कार केला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, आणि सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

नवऱ्याचे डोळे भरून आले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. तो पुढे आला, नव्या मशीनची चावी खिशातून काढली आणि चारचौघांत माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "आता चावी हिच्याकडंच ऱ्हाईल. हिच्याइतकं जपनारं दुसरं मानूस न्हाई या घरात."

दुपारी सगळे पांगल्यावर मी मामांना गाठलं. मी चिडले होते. म्हटलं, आता तरी का? आता तर माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "पोरी, डोळा गेला, मशीन गेलं, तेलाचं काम बी गेलं. तुझ्यासाठी केलेलं तेवढं एक काम माझ्याकडं ऱ्हायलंय. ते तरी माघारी नको घिऊ."

 

चावी आता चुलीवरच्या खिळ्याला असते. रोज सकाळी ती मीच काढून देते आणि संध्याकाळी माझ्याच हातात परत येते. मामा खाली जाळापुढे बसलेले असतात. मी चावी काढायला त्यांच्या डोक्यावरून हात लांब करते, तेव्हा ते थोडे बाजूला सरकतात, म्हणजे त्यांचा धक्का तिला लागू नये.